निळ्या वर्षाची तळटीप

शाळेची पुस्तकं छापणाऱ्या त्या छापखान्यात प्रूफं दोघांनी मिळून तपासायची, असा नियम होता. एकाने मूळ मजकूर स्वल्पविरामासकट मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रूफावर पेन्सिल धरून ऐकायचं. वाचणारी अकरा वर्षं हेच काम करत होती. समोर बसत ते अनुस्वारकाका. हे नाव त्यांना उगाच पडलं नव्हतं; त्यांच्या हातून टिंब निसटलंय असं कुणी पाहिलं नव्हतं. तिला ही नोकरी त्यांनीच शब्द टाकून मिळवून दिली होती. बाप नसलेल्या मुलीसाठी एवढं कोण करतं? ती त्यांना देवाच्या जागी मानायची.

त्या दिवशी इतिहासाचा नवा धडा आला. अठ्ठावीस वर्षांत प्रथमच धरपकडीच्या त्या वर्षाचं नाव पुस्तकात छापलं जाणार होतं, आणि शीर्षकावरच गाडी अडली.

"लोक 'निळं वर्ष' म्हणतात, काका."

"म्हणू देत. पुस्तकात 'निळे वर्ष'च." काका हसले. "माझंच टिंब गेलं, पण नियम म्हणजे नियम!"

एरवी तीही हसली असती. पण त्या वर्षी एका सकाळी तिच्या घराच्या दारावर निळी फुली उमटली आणि संध्याकाळी वडिलांना नेलं ते कायमचं. शेजारणीनेच घर दाखवून फुली मारायला लावली, असं आईच्या मनाने घेतलं. ती बिचारी शपथा घेऊन थकली, पण आईने तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. खरं काय होतं, हे एकदा कळावं, एवढंच वाचणारीला हवं होतं. तिने घसा खाकरून तळटीप वाचायला घेतली.

"ज्या दारावर निळी फुली दिसे, स्वल्पविराम, त्या घरातील माणूस नेला जाई, पूर्णविराम. निळा हा सरकारचा रंग असल्याने तो निवडण्यात आला, पूर्णविराम."

"चूक," काका मान वर न करता म्हणाले. "निवडतंय कोण? लाल रंगाचा डबा पहिल्याच गल्लीत संपला. कोठीत निळाच उरला होता."

बोलून गेल्यावर त्यांची पेन्सिल थांबली. जन्मभर चूक दिसली की तोंड उघडायची सवय. आज तीच नडली.

"तुम्हाला कसं ठाऊक?" तिने विचारलं.

"तेव्हा मी नगरपालिकेत कारकून होतो. यादी आणि डबा हातात दिला. नाही म्हणायची छाती झाली नाही."

"आमच्या दारावर..."

"मीच."

तिला संताप आला. पण हा माणूसही आपल्याला परका झाला तर उरलं कोण, ही भीती त्याहून मोठी निघाली. ती स्वतःच त्यांची बाजू घेऊ लागली. "वरून हुकूम होता, काका. तुम्ही नाही तर दुसऱ्या कुणी मारली असती."

एवढ्यावर ते गप्प बसले असते तरी चाललं असतं.

"नसती मारली, पोरी. यादीत नाव तुझ्या वडिलांचं होतं, पण घराचा आकडा चुकला होता. त्या आकड्याचं घर रिकामं होतं. तिथे फुली मारून परतलो असतो, तर मला कुणी विचारलंही नसतं."

"मग?"

"मी आकडा दुरुस्त केला."