पत्र क्रमांक दोनशे चौदा

संध्याकाळी सहाला पुस्तकाची शेवटची फाईल पुण्याच्या छापखान्यात जायची होती, आणि दुपारी बाराला प्रियदर्शिनीच्या लक्षात आलं की आत्याच्या घरचा तो कागद सनद नाहीच.

अडीचशे वर्षांपूर्वी वेळखंडच्या घाटावर राज्य केलेल्या राजे भानजीरावांची पत्रं गोळा करायला तिची आणि कमलाकर सरांची सहा वर्षं गेली होती. सर महाडच्या कॉलेजातून निवृत्त झालेले. मोडी वाचायला तिला त्यांनीच शिकवलं. दोनशे तेरा पत्रं हाती लागली होती. दोनशे चौदावं पोलादपूरजवळच्या वाडीत, मंजुळाआत्याच्या सासरच्या पेटीत होतं. राजानं आमच्या भागनाकाला वतन दिलं त्याची ती सनद, असं ते घर सांगत आलं होतं. आत्यानं बाहेरच्या कुणाला त्याला हात लावू दिला नव्हता. परवा कुठे तिनं भाचीला फोटो काढू दिला होता.

सरांनी भिंग लावून फोटो तीनदा वाचला.

"वाचन बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हे वगळू या."

"का?"

उत्तर द्यायच्या आधीच ट्रस्टचे अध्यक्ष धवलराव यांचा फोन आला. पुस्तक त्यांचा ट्रस्ट काढत होता, आणि महाराजांनी महार वतनदारालाही सनद देऊन गौरवलं, हे वाक्य त्यांच्या प्रस्तावनेत छापायला तयार होतं. सरांनी फोन स्पीकरवर ठेवून अडखळत काय ते सांगितलं.

"वगळू नका," धवलराव शांतपणे म्हणाले. "नुसता फोटो छापा. खाली लिहा, सनद. मोडी आता किती जणांना येते?"

सरांनी फोन ठेवला. नाही म्हणाले नाहीत, याचीच प्रियदर्शिनीला धडकी भरली.

"आधी आत्याला सांगून येते," ती उठली. "तोवर फाईल पाठवू नका सर."

"सहापर्यंत थांबतो. पुढे छापखाना थांबायचा नाही."

हायवेला ट्रकांची रांग लागली होती. कडेच्या मातीतून स्कूटर काढत ती वाडीत पोचली तेव्हा अडीच वाजून गेले होते. आत्या ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसली होती. तिचा मुलगा बुद्धरत्न कारखान्याची सुट्टी म्हणून बिरवाडीहून आला होता. या कागदाची झेरॉक्स घेऊन तो दोन वर्षं तहसीलच्या चकरा मारत होता. जमीन निघेल, या आशेवर.

प्रियदर्शिनीनं फोनवरचा फोटो मोठा केला आणि वाचलं.

"भागनाक बिन धारनाक महार यास राणीसाहेबांची पालखी घाट चढवावयाची वेठ सांगितली असतां, येत नाही म्हणोन साफ बोलिला. सबब त्याचे वतन जप्त करून घर जाळावे व त्यास धरून गडावर पाठवावे."

बुद्धरत्नाचा चेहरा उतरला. "सरांनी सनद सांगितलेली आजोबांना. तू कोणाच्या बाजूनं वाचतेस?"

"कुठले सर?"

"तुझेच. कमलाकर सर. तरणे होते तवा आलेले वाडीत."

हे सरांनी कधी सांगितलं नव्हतं.

"पुन्ना वाच," आत्या म्हणाली. तिचे हात थांबले होते.

तिनं पुन्हा वाचलं.

"जाळलं का गो घर?"

"हुकूम आहे. पुढं काय झालं ते कागदात नाही."

"मंग कोणतरी जगलं-वाचलं असंल. नायतर ह्यांचं घराणं कुठलं?"

"छापू नको," बुद्धरत्न म्हणाला. "जमीन तर गेलीच. आता अब्रू पण घालव."

आत्यानं मान वर केली. "अब्रू कशानं जाते रे? राजानं पालखी उचल सांगितली, तो नाय म्हणाला. उचलली असती तर हा कागद तरी कोण लिवता?" मग भाचीला म्हणाली, "छाप. सगळं छाप. घर जाळायचं हाय तेसुद्धा."

बुद्धरत्न चप्पल अडकवून निघून गेला.

ती परतली तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. सर तसेच बसलेले, समोर संगणक उघडा.

"घरची परवानगी आहे. पूर्ण वाचन द्यायचं," ती म्हणाली. मग थांबून विचारलं, "तुम्हीच सांगितलं होतं ना त्यांना?"

"सत्तावीस वर्षांचा होतो," सर म्हणाले. "शिक्का दिसला, वतन हा शब्द लागला. पुढचं लागेना, पण तसं सांगायची लाज वाटली. म्हातारा रडला होता ग आनंदानं."

फोन वाजला. धवलराव. सरांनी तो वाजू दिला. खुर्ची ओढून ते टाइप करू लागले. आधी पत्राचं पूर्ण वाचन. मग त्याखाली टीप: हे पत्र सनद असल्याचे पूर्वी प्रस्तुत संपादकाने सांगितले होते. ते वाचन चुकीचे होते.

"पाठव," ते म्हणाले आणि खुर्चीतून उठले.

सहा वाजून चार मिनिटांनी फाईल गेली.

धवलरावांनी प्रस्तावना मागे घेतली, प्रकाशन समारंभही रद्द केला. करारात संपादकांचा शब्द अखेरचा होता म्हणून पुस्तक अडवता आलं नाही एवढंच. दोन महिन्यांनी ते प्रस्तावनेशिवाय आलं. एक प्रत घेऊन प्रियदर्शिनी वाडीत गेली. आत्या बाहेर गेली होती. दारात बुद्धरत्न होता. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नव्हता. त्यानं पुस्तक घेतलं, पानं उलटली, दोनशे चौदावर थांबला आणि उभ्यानंच वाचत राहिला.

"नाय म्हणाला ते मोडीत कुठं लिवलंय?" त्यानं विचारलं.

तिनं वाचनाशेजारी छापलेल्या फोटोतल्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.