ताज्या फुलाचा रंग

"आगं संघप्रिया, तुज्या लाकडाला फूल आलंय की!" शेजारच्या गॅलरीतून शेवंतामावशी ओरडल्या. "मी आपली रोज म्हनतीया, टाक त्ये वाळकं, पोरगी तोंडात घालंल."

संघप्रिया ओल्या हातानंच बाहेर आली. आधी तिनं राजनंदिनीकडं पाहिलं. दहा महिन्यांची लेक चटईवर वाटी आपटत होती, तोंडात काही नव्हतं. मग तिची नजर कठड्याकडं गेली. जुन्या ओढणीच्या पट्टीनं फळकुटाला बांधलेली आमरी, रानातलं ऑर्किड. चार वर्षं पावसाळ्यात पानं यायची, झडायची, नुसत्या सुरकुतलेल्या कांड्या उरायच्या. आज एका कांडीच्या टोकाला तीन कळ्या होत्या आणि एक उमललेलं फूल.

सायीच्या रंगाचं.

तिनं कपाटातून भिंग काढलं, तरी भिंगाची गरज नव्हती. इकडं या डेंड्रोबियम आमरीच्या दोन जाती. बार्बॅट्युलमचं फूल मोठं, पांढरंशुभ्र. ओव्हॅटमचं लहान, सायीसारखं, ओठासारख्या पाकळीच्या तळाशी हिरवट. बाकी दोघी सख्ख्या बहिणींसारख्या. त्यात वाळल्या की दोघींचाही रंग जातो, फूल आक्रसतं. म्हणूनच वाळवून चिकटवलेल्या नमुन्याच्या कागदावर 'ताज्या फुलाचा रंग' हा रकाना असतो. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, राधानगरीच्या बाजूला पाडलेल्या जांभळाच्या एका झाडावर तिला ही आमरी सापडली, तेव्हा फुलं कधीच तपकिरी झाली होती. तरी रकान्यात तिनं लिहिलं होतं : पांढरा. त्या शिवारातून ओव्हॅटम आधीच नोंदलेली होती. तिला दुसरी, नवी नोंद हवी होती. अर्ध्या कांड्या तिनं त्या नमुन्यासाठी वाळवल्या, अर्ध्या जगवायला घरी आणल्या.

नंतर लग्न झालं, कागलच्या या दोन खोल्या आल्या, पीएच.डी.चा फॉर्म राहिला तो राहिलाच. कॉलेज आता जिल्ह्यातल्या आमरींची यादी छापणार होतं. त्या पुस्तकात तिचं नाव एकाच ओळीत होतं, याच नमुन्यापुढं.

तिनं फोटो काढून राजवीरला पाठवला. एकेकाळचा वर्गमित्र, आता तिथंच प्राध्यापक. लगेच फोन आला.

"पांढरंच दिसतंय की गं."

"नाही रे. सायीसारखं आहे. ओव्हॅटम आहे."

"उजेडाचा फरक असतोय त्यो. यादी उद्या छपाईला चाललीया. आणि ओव्हॅटम म्हणलीस तर तिथली माझी नोंद हाय आधीची. तुझी ओळच उडंल बघ."

"उडू दे."

"कशाला खाजवून खरूज काढतीस? कोण बघायला येणार हाय?"

ते खरंच होतं. कोणी येणार नव्हतं. फोटो तिनं नवऱ्याला, संग्रामलाही पाठवला होता. कंपनीतून त्याचा नुसता अंगठा आला.

अकराच्या एसटीनं ती कोल्हापूरला निघाली. काखेत लेक, पर्समध्ये औषधाच्या रिकाम्या डबीत ओल्या कापसावर फूल. दर दोन-चार मिनिटांनी ती आधी लेकीचं कपाळ चाचपायची, मग डबी.

"कांबळे म्याडम व्हय!" कॉलेजच्या नमुन्यांच्या खोलीतले जुने शिपाई आकाराम उठून उभे राहिले. "आनि ह्ये कवा झालं? द्या हिकडं."

"दारातच थांबा हं मामा, तिला घेऊन. डांबरगोळ्यांचा वास नको तिला."

कागद सापडला. कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर तिचंच ठळक, खात्रीचं अक्षर. तिनं पेन उचललं नि 'पांढरा'वर टेकवलं.

"खोडायचं न्हाय, म्याडम," दारातून आकाराम म्हणाले. "जुनी चिठ्ठी ऱ्हाऊ द्यायची. नवी शेजारी चिकटवायची. इसरलासा?"

विसरली नव्हती. तिनं नवी चिठ्ठी घेतली. डेंड्रोबियम ओव्हॅटम. ताज्या फुलाचा रंग : सायीसारखा, ओठाच्या तळाशी हिरवट. मग थोडं थांबून तिनं खाली लिहिलं, 'पूर्वीचा रंग न पाहता लिहिला होता.' जुन्या चिठ्ठीवर सही होती : सं. धों. कांबळे. आडनाव माहेरी नि सासरी एकच. मधल्या नावात वडिलांच्या, धोंडीरामांच्या जागी तेवढा संग्राम आला होता. तिनं लिहिलं : सं. सं. कांबळे.

फूल कागदी पाकिटात घालून तिनं पाकीट कागदाला चिकटवलं. दोन दिवसांत ते तपकिरी होणार होतं.

आकारामांनी लेक परत देऊन कागद हातात घेतला, दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या.

"बगनाऱ्याला वाटंल, दोन बाया हुत्या."

डांबरगोळ्यांचा वास लागला का, म्हणून संघप्रिया लेकीचे हात हुंगून पाहत होती.

स्टँडवर संग्रामचा फोन आला. "घरात न्हाईस व्हय? मावशी म्हनत्यात कोल्हापूरला गेलीस."

"हो. एक चुकीचं लिहिलं होतं, ते…"

"बरं, येताना डायपर आण."

कागलची गाडी लागली. खिडकीशी बसल्यावर राजनंदिनीनं पर्समधून रिकामी डबी ओढून काढली नि कानाशी नेऊन खुळखुळवली. आत नुसता ओला कापूस होता. काही वाजेना, तरी ती हलवत राहिली, आणि संघप्रियानं टोपण घट्ट आहे ना, ते पुन्हा एकदा पाहिलं.