खिळेपीराचं रक्त

"रगत! पीरांना रगत आलं!"

कुवेतच्या मिरकाब वस्तीतल्या त्या खोलीत दाटीवाटीने बसलेली आम्ही रत्नागिरीकडची माणसं किंचाळत मागे सरकलो. समोर तिवईवर हातभर उंचीचा लाकडी पुतळा, पोटावर आरसा, अंगभर खिळे. मन्नत मागायची आणि खिळा ठोकायचा. खाली लोबानाची शेगडी धुमसत होती, आणि खिळ्यांच्या भोकांतून लाल थेंब ओघळत होते.

"काँगोचे खिळेपीर हायत हे!" नझीर घुमू लागला. हा जुना खलाशी तिकडच्या बंदरातून पुतळा घेऊन आला आणि बघता बघता त्याचा मुजावर, म्हणजे पुजारी, होऊन बसला. "सपनात म्हणाले, नझीर, मला कुवेतला ने! आता कोपलेत. रगत थांबेपर्यंत पोरीला सुई टोचायची नाय. टोचलीत तर मेली समजा!"

पोर म्हणजे माझी भाची ताहिरा. मी इस्पितळात नर्स. तिच्या घशात घटसर्पाचा पांढरा पापुद्रा मी नुकताच पाहिला होता. आईच्या मांडीवर तिचा श्वास घरघरत होता.

"खतिजाभाबी, चल गो. टॅक्सी खाली उभी हाय," मी तिच्या आईला म्हटलं.

"नको सुगरा! रगत दिसत नाय तुला?"

दिसत होतं. खोटं कशाला सांगू, सगळ्यांबरोबर मीही मागे सरकले होते. पण रक्त मी रोज बघते. ते सुकून काळं पडतं. हे थेंब फरशीवर पडून मेणासारखे फिकट गुलाबी गोठत होते. फातिहाला, म्हणजे पीराच्या नावाने दुआ मागताना, लोबान जाळायची आपली रीत. शेगडी आम्हीच भक्तिभावाने पुतळ्याच्या पोटाखाली सरकवली होती.

मी ती उचलून खिडकीत ठेवली. थोड्या वेळाने थेंब थांबले.

"पीर शांत झाले!" नझीर ओरडला.

"मग सुई टोचायला हरकत नाय," मी म्हटलं.

"तसं नाय... अजून..." तो चाचरला.

मी माझ्या पिशवीतल्या कात्रीने पुतळ्याच्या पोटावरचा आरसा उचकटला. कुणीतरी रडायला लागलं. आत पोकळी होती, आणि पोकळीत लाल रंग कालवलेलं मेण आणि तूप. भाबीने बोट लावलं, वास घेतला आणि पोरीला घेऊन जिन्याकडे धावली.

ताहिरा वाचली, पण अगदी थोडक्यात.

काँगोच्या माणसांनी तो पुतळा त्यांच्या श्रद्धेने कोरला. त्यात पीर आम्ही घुसडला, आणि तूप नझीरने. बाबांनो, भीती वाटली तर वाटू द्या, मलाही वाटली होती. पण पोर घुसमटत असेल तर भीत भीत का होईना, आधी दवाखाना गाठा.