हातांनी चोळणारे

मृणालिनीचं नाव धुवायला सकाळी तीन रॅकून आले, हाती येईल ते पाण्यात चोळणारे ते अमेरिकेतल्या रानातले प्राणी. लग्नात दिगंबररावांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ते नाव लिहिलं होतं, आणि सासूबाईंनी ताट तसंच्या तसं देवघरात जपलं होतं. रॅकूनांनी ते स्वयंपाकघरात आणलं आणि नळ सोडला.

"हे गेलं की खालचं वर येईल," थोरला म्हणाला. "माहेरचं. हवंय ना?"

हवं होतं. ते काय होतं हेच तिला आठवत नव्हतं, आणि त्याची तिला फार लाज वाटायची.

"तुमचं नाव कोणी ठेवलं?" तिने विचारलं.

"आमच्या रानातल्या माणसांनी. हातांनी चोळणारा, असा अर्थ होता. मग बोटीतून परके आले. त्यांची जीभ वळेना, त्यांनी नाव मोडून आपल्या सोयीचं केलं. अर्थ गळाला, काम तेवढं राहिलं."

"माझंही," ती म्हणाली.

पातेल्यांवर कोरलेलं मृणालिनी एकेका अक्षराने पुसलं गेलं. दारावरच्या पाटीवरून काहीच गेलं नाही, तिथे ते कधी नव्हतंच. आता तिला आपणही नुसतं 'ती' म्हणू.

"अगं, चहा आण," बाहेरून दिगंबरराव ओरडले. लग्नापासून ते तिला अगंच म्हणत. ज्या नावापायी तिचं नाव गेलं, ते त्यांनी पुन्हा एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने भावाला फोन लावला. "मुकुंदा, माझं पहिलं नाव काय रे?"

"ताई."

"ते नव्हे. शाळेतलं."

"मी तर ताईच म्हणत आलो. आईला ठाऊक असणार."

"आई गेली."

"मग राहू दे की, ताई. या वयात कशाला हवंय?"

तिने फोन ठेवला. तांदूळ झिजून संपले होते आणि ताटाचा तळ दिसत होता.

"खाली काही नाही," थोरला म्हणाला. "पाणी आहे अजून."

तिने पदर खोचला, हात पाण्यात घातले आणि ताट चोळू लागली. हात मग बाहेर निघेनात.

"अगं, ऐकतेस का?"

थोरल्याने तिच्या पदराला हात पुसले, कपात चहा गाळला आणि बाहेर नेला. एक घोट घेतल्याचा आवाज आला. मग वर्तमानपत्र खाली ठेवल्याचा.

"वा, आज चहा जमलाय," दिगंबरराव म्हणाले. "नाव काय गं तुझं?"

आत, पाण्यात हात अडकलेल्या तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं.