फोरमनचं कुलूप

वीज केंद्रात मला पाठीमागे ‘बॉयलर’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही. माझं डोकं लवकर तापतं, आवाज मोठा आहे आणि नियम म्हटला की मी कोणाचंही ऐकत नाही, हे मीच सगळ्यांना छाती फुगवून सांगत आलो. देखभाल विभागाचा मी फोरमन. पंप, पंखे, झडपा, जे जे फिरतं आणि बिघडतं ते आमच्या वाट्याला.

आमची कंपनी दरवर्षी नवे पदवीधर घेते. अर्जांचा पाऊस पडतो. लेखी परीक्षा, गटचर्चा, मुलाखत अशा चाळण्या लावून थोडीच पोरं उरतात. त्यांना हिरवं हेल्मेट मिळतं आणि वर्षभर ती एकेका विभागात चांगली घासूनपुसून निघतात. वर्षाच्या शेवटी समिती बसते. जो टिकला त्याला निळं हेल्मेट, बाकीच्यांच्या हातात नारळ.

गेल्या वर्षी त्या हिरव्या हेल्मेटांत माझी मुलगी होती. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण चार दिवसांत कॅन्टीनमध्ये कुजबुज सुरू झाली. बापानं चिकटवली म्हणे. एका फिटरनं तर मला ऐकू जाईल अशा बेतानं ‘वशिल्याचं तट्टू’ म्हटलं. मी ताट सोडून उठलो तेव्हा तिनंच माझी बाही धरली.

“फोरमन, बसा. कामावर माझे बाबा होऊ नका.”

घरी ती मला अरे-तुरे करते. फाटकाच्या आत मात्र ‘तुम्ही’ आणि ‘फोरमन’. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण बरोबर तिचंच होतं.

नव्या पोरांना पहिला धडा मीच देतो, कुलपाचा. प्रत्येकाला एक लाल कुलूप मिळतं, वर त्याचा फोटो, आणि किल्ली एकच. यंत्र बंद करून त्यावर काम करायचं तर प्रत्येकानं त्याच्या स्विचवर आपलं कुलूप लावायचं. काम संपवून बाहेर आलं की आपलं आपण काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत यंत्र सुरू होत नाही. “कुलूप लटकतंय म्हणजे माणूस आत आहे!” मी टेबलावर हात आपटून सांगतो. “ज्याचं कुलूप, त्याचाच हात. दुसऱ्या कोणी काढायचं नाही, कापायचं नाही. समजलं?” तिच्या बॅचलाही असाच ओरडलो होतो. ती पहिल्या बाकावर होती.

समितीच्या आदल्या दिवशी आम्ही बॉयलरला पाणी देणारा मोठा पंप दुरुस्त करत होतो. काम झकास झालं. झाकण मी स्वतः बसवलं, माझ्या माणसांनी आपापली कुलपं काढली, तेवढ्यात शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला. आणि मला आठवलं, इस्त्रीवाल्याकडून तिचा कोट आणायचाय! उद्या समितीपुढं तोच घालायचा होता आणि तो गृहस्थ मनाला येईल तेव्हा दुकान बंद करतो. मी स्कूटर काढली आणि सुसाट सुटलो.

कोट हातात घेतला आणि फोन वाजला. तिचा होता; त्या महिन्यात ती यंत्रं चालू-बंद करणाऱ्या विभागात होती.

“फोरमन, पंपाच्या स्विचवर तुमचं कुलूप आहे.”

खिशात हात घातला. किल्ली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! जन्मात जे झालं नव्हतं ते त्या दिवशी झालं, तेही तिच्या कोटापायी.

“अगं, सगळे बाहेर आहेत,” मी म्हणालो. “झाकण मीच बसवलंय. कापून टाका म्हणावं.”

फोनवर तिच्यामागून मोठ्या साहेबांचा आवाज आला. मोठे साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख. संध्याकाळी शहराची मागणी वाढायच्या आत त्यांना पंप हवा होता. “ऐकलंत ना? तुमचे वडीलच सांगताहेत. आता कापा आणि चालू करा.”

“नाही साहेब,” ती म्हणाली. “थांबा.”

हा ‘थांबा’ साधा नव्हे. जिवाची शंका असेल तर आमच्याकडे कोणीही ‘थांबा’ म्हणू शकतो, अगदी नवा ट्रेनीसुद्धा, आणि शंका फिटेपर्यंत प्रमुखांनाही थांबावं लागतं. तशी पाटी आहे भिंतीवर. पण साहेबांच्या तोंडावर तसं म्हणणारं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं. आणि हेच साहेब उद्या समितीत बसणार होते.

“अगं, बाप सांगतोय तुला!” मी रस्त्यात ओरडलो.

“कुलूप फोरमनचं आहे,” ती म्हणाली. “त्यांनी यावं.” आणि फोन ठेवला.

येताना मी तिच्यासाठी काय काय शब्द जमवले होते, ते सांगण्यासारखे नाहीत. स्विच रूममध्ये सगळे ताटकळत उभे होते. मी काखेत कोट मारून आत शिरलो, तर तो ‘तट्टू’वाला फिटर गालातल्या गालात हसत होता. कुलपाला हात घालणार तोच ती आडवी आली.

“आधी माझ्याबरोबर पंप बघा. माणसं बाहेर आहेत ना?”

“सांगितलं ना एकदा!”

“फोनवर सांगितलंत. आता बघून सांगा.”

तिचा आवाज कापत होता. पाय मात्र जागचे हलले नाहीत. आपलेच दात, आपलेच ओठ! मी मुकाट्यानं तिच्यामागं गेलो. पंपाभोवती फिरलो, खाली वाकून पाहिलं, माझ्या माणसांना फोन लावून एकेकाचा आवाज ऐकला. मग मी माझं कुलूप माझ्या हातानं काढलं. पंप सुरू झाला.

“झालं समाधान?” मोठे साहेब म्हणाले. “इतका वेळ घालवलात. कोण सापडलं आत?”

“कोणी नाही, साहेब.”

“मग?”

“मग बरंच झालं की, साहेब.”

साहेबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ते निघून गेले.

घरी मी धुमसतच कोट खुंटीला लावला. बायकोला सगळं कळलं तेव्हा ती हसायलाच लागली. “तुमचाच हेका उतरलाय तिच्यात. आता भोगा.” पण पोरीला घास जाईना. तेव्हा माझा राग पार उतरला आणि भीती वाटायला लागली. वर्षभर ती राबली, आणि माझ्या एका कुलपानं सगळ्यावर पाणी पडणार होतं.

“मी सकाळी साहेबांना भेटतो,” मी म्हणालो. “चूक माझी आहे, सांगतो.”

“बाबा, तू एक शब्द जरी बोललास तर मी समितीपुढं जाणारच नाही. काढली तर काढली. वशिल्यानं राहिले असं कोणी म्हणायला नको.”

मी तोंड मिटून बसलो. हे मला फार अवघड जातं.

समिती झाली. निकाल सोमवारी होता. आणि सोमवारीच माझी शिक्षा होती. जो कुलूप विसरला, त्यानं पहिला धडा नव्या बॅचबरोबर पुन्हा गिरवायचा, हिरवं हेल्मेट घालून; तोवर त्याचं कुलूप जमा. हा नियम कंपनीत मीच भांडून करून घेतला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पहिल्या बाकावर मी बसलो. आजूबाजूला कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं. हेल्मेट मला घट्ट होत होतं.

प्रशिक्षण विभागाच्या बाई आत आल्या, माझ्याजवळ वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “मोठे साहेब समितीत काय म्हणाले माहितीये? ‘जी बापाला सोडत नाही, ती मला काय सोडणार? हिला जाऊ देऊ नका.’ आणि आजपासून हा धडाही तिनंच घ्यावा असं ठरलंय. तुमची हरकत?”

“नाही,” मी हळूच म्हणालो. बॉयलर, आणि हळूच!

ती आली. डोक्यावर निळं हेल्मेट होतं. माझ्याकडे पाहिलं, पण हसली नाही. लाल कुलपं वाटली, मलाही माझं जुनं परत दिलं आणि शिकवायला लागली. टेबलावर हात आपटला नाही, आवाज चढवला नाही. तरी वर्ग चिडीचूप. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

“काही शंका?” तिनं शेवटी विचारलं.

मी हात वर केला. “मॅडम, समजा कुलूप न कापता थांबलो, मालकाला लांबून बोलावलं, सगळ्यांचा खोळंबा केला. आणि आत कोणीच नव्हतं. मग?”

“मग बरंच झालं,” ती म्हणाली.

शेजारच्या मुलीनं माझ्याकडे झुकून विचारलं, “या नेहमीच इतक्या कडक असतात का हो?”

“घरी याहून,” मी म्हणालो. “मुलगी आहे माझी!”

आवाज मोठाच लागला. सगळा वर्ग वळून पाहायला लागला.

“फोरमन,” ती म्हणाली, “वर्गात बोलायचं नाही.”

मी गप्प बसलो.