चार गठ्ठे, एक सुतळी

“जाधव, चार टोळ्यांच्या फॉर्मांचे चार गठ्ठे होते. एका सुतळीत कोणी बांधले?”

“मीच, साहेब.” जयसिंगराव उठून उभे राहिले.

यशोवर्धन साहेब पुण्याहून बोलींच्या नोंदणीवर प्रमुख म्हणून आले होते. जयसिंगराव जाधव बेंगळुरातच जन्मले, वाढले आणि या कचेरीत अठ्ठावीस वर्षं खर्डेघाशी करत राहिले. त्यांची मराठी ऐकली की साहेबांना हसू येई.

“स्वल्प ऐका साहेब. पाखरं धरणारे, चटया विणणारे, सुया-पोत विकणारे, मुळ्या विकणारे, सगळ्यांचं बोलणं एकच हाय, एकमेकांशी बोलायला त्यांना कानडी लागत नाही. वेगळं मोजलं तर एकेक टोळी दहा हजारांच्या आत राहते. मग नाव छापत नाहीत. एकत्र मोजलं तर एकवीस हजार होतात. नाव छापलं की येलहंक्याच्या वस्तीत त्यांच्या बोलीतला मास्तर मिळतो.”

“पण रूल काय आहे? लोकांनी सांगितलं तेच लिहायचं. त्यांनी चार नावं सांगितलीत.”

चूक तिथंच झाली होती, आणि ती जयसिंगरावांचीच होती. मोजणीदारांना त्यांनीच बजावलं होतं, माणूस बोलीचं जे नाव सांगेल ते जसंच्या तसं लिहा. आपल्या बोलण्याला नाव लागतं, हेच त्या बिचाऱ्यांच्या गावी नव्हतं. विचारल्यावर जो तो आपल्या टोळीचं नाव सांगून मोकळा झाला.

“शुक्रवारपर्यंत चारही टोळ्यांचे अंगठे एका नावावर आणा. मग बघू,” साहेब म्हणाले.

गुरुवारी वस्तीत चारही टोळ्यांचे पंच बसले. एका टोळीचं नाव दुसरीला चालेना. शिव्या, थट्टा, जुनी उणीदुणी, सगळं निघालं आणि सगळं एकाच बोलीत! पंचांतला म्हातारा नागनाथ मधूनमधून जयसिंगरावांना कानडीत समजावत होता.

“म्हणतायत, नाव परक्याला लागतं, आम्हाला कशाला?”

“सरकार परकंच असतंय, अण्णा,” जयसिंगराव म्हणाले. तेव्हा कुठं सगळे हसले.

चारही टोळ्या लग्नं जमवायला धवऱ्याच्या माळावर उतरतात. तिन्हीसांजेला त्याच माळावरून नाव ठरलं, धवरी. चार अंगठे उमटले. जयसिंगराव बसमध्ये ते नाव स्वतःशीच म्हणत घरी आले.

शुक्रवारी साहेबांनी तो कागद दोन बोटांत धरला. “कालच जन्मलेली भाषा? एकाही फॉर्मवर हे नाव नाही, जाधव. असं चाललं तर उद्या तुम्हीही नवीन काहीतरी काढाल. तुम्ही घरी जे बोलता त्याला तरी मराठी म्हणायचं का?”

जयसिंगरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “म्हणायचं, साहेब. तीनशे वर्षं आम्ही तेच म्हणत आलोय.”

त्यापुढे त्यांची मजल गेली नाही. पेन्शनला सात महिने उरले होते. सुतळी सुटली. छापखान्याच्या तक्त्यात चारही टोळ्यांपुढे ‘इतर’ असं लिहायचं कामही त्यांच्याकडेच आलं, कारण कचेरीत अक्षर त्यांचंच चांगलं होतं.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये अहवाल छापून आला. नागनाथ धुतलेला सदरा घालून कचेरीत हजर झाला. त्याला वाचता येत नव्हतं.

“आमची बोली कुठं आहे?” त्यानं कानडीत विचारलं.

जयसिंगरावांनी पान उघडलं. खरं सांगायला जीभ रेटेना. त्यांनी ‘इतर’वर बोट ठेवलं. “इथं.”

नागनाथनं तळहात सदऱ्याला पुसले, तो पानावर वाकला आणि आपल्या बोलीत हळूच काहीतरी म्हणाला. चारपाच शब्द असतील. मग डोळे पुसून त्यानं जयसिंगरावांकडे पाहिलं.

जयसिंगरावांनी मान डोलावली. त्यांना त्यातला एकही शब्द कळला नव्हता.