आणखी एक आटा

वरकुट्याच्या दादासोला एक खोड होती. दिसेल तो नट आवळायचा. त्यात तो आपला-परका बघत नसे. कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसून आला, तरी उतरताना आरशाचा नट आवळून द्यायचा. बायको अनिता म्हणायची, "ह्यास्नी शिडी घावली तर चांदबी आवळून येतील." ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला ऊस वाहण्यात त्याची उमर गेली होती. एकदा इंदापूर रोडला भरल्या ट्रॉलीचं चाक निखळून त्याच्या डोळ्यांदेखत पुढं पळत गेलं होतं. माणसं वाचली, पण ढिल्या नटाची धास्ती त्याच्या मनात जी बसली ती कायमची.

त्याची लेक राजेश्वरी सायकलच्या शर्यती मारायची. आजवर क्लबची जुनी सायकल मागून आणून तिनं निभावलं होतं. आता राज्याच्या संघाची निवड चाचणी आली होती, आणि तिच्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष होतं. यंदा नाही तर कधीच नाही. म्हणून दादासो तिला घेऊन बारामतीला संदेशच्या सायकलच्या दुकानात गेला.

संदेशनं तीन सायकली भिंतीशी उभ्या केल्या. दादासोनं बाजारात नारळ वाजवून बघावा तशी प्रत्येकीची नळी बोटानं वाजवून बघितली.

"ही स्टीलची," संदेश म्हणाला.

"म्हंजी लोखंड. ही खरी. लोखंड मोडायच्या आदी वाकतंय, मानसाला सावध तरी करतंय. आन् ही मधली?"

"ॲल्युमिनियम."

"जर्मलच की! जर्मलच्या पातेल्याला एकदा पोचा पडला की घरात कोन इचारत न्हाय."

तिसरी कार्बनची. ती दादासोनं दोन बोटांवर उचलली आणि त्याचा चेहराच उतरला. वाजवली तर वाळल्या दुध्यासारखी वाजली. "हिच्यावर पोरगी बसवायची व्हय रं?"

"काका, ताकदीला ही कुठं कमी नाही. फक्त नट बेतानं आवळायचे. हा मापाचा पाना सोबत देतो, कट वाजला की थांबायचं. जास्त आवळलं तर आतल्या आत तडकते, वरनं कळतसुद्धा नाही."

"तात्या," राजेश्वरी बापाला म्हणाली, "बाकीच्या पोरी कार्बनवर हायत्या. लोखंड वढत त्यांच्या मागं कुठवर पळू मी?"

दादासोला काही ते पटलं नव्हतं. पण पोरीचा चेहरा बघितला आणि त्यानं मान डोलावली. कार्बन घरी आली.

चाचणीच्या आदल्या दुपारी राजेश्वरी आत झोपली होती. सायकल धुऊनपुसून पडवीत उभी होती. दादासो तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला. सीटचा नट तेवढा तपासावा म्हणून त्यानं मापाचा पाना लावला. लावला न लावला तोच पाना कट म्हणाला. एवढ्याशा आवळण्यावर आपली पोरगी भरधाव जाणार? खेळण्यातला पाना तो, त्याला काय कळतंय! दादासोनं ट्रॅक्टरच्या पेटीतली आपली एलन की काढली, जोर यावा म्हणून तिच्यावर पाइपचा तुकडा चढवला आणि आणखी एक आटा दिला.

पुन्हा कट वाजलं. पण या खेपेला पाना वाजला नव्हता.

त्यानं की बाजूला टाकली. खाली वाकून बघितलं, तर क्लॅम्पच्या खाली केसाएवढी रेघ होती. रंगाचीच असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि सांगणाराही तोच, ऐकणाराही तोच, मग पटायला काय उशीर! सकाळी मात्र त्यानं दोनदा तोंड उघडलं. एकदा चहा घेताना, एकदा शर्यत सुटायच्या आधी. दोन्ही वेळा शब्द बाहेर पडला नाही. भेकड होता, दुसरं काय म्हणायचं?

भिगवण रोडनं पोरी गेल्या आणि काही वेळानं परत येऊ लागल्या. एक झुंड आली, दुसरी आली. राजेश्वरी कुठंच नव्हती. दादासोचा जीव टांगणीला लागला. सगळं आटोपत आलं तेव्हा ती दिसली. पायडलवर उभी राहून येत होती. सीट पार खाली बसली होती आणि सीटखालची नळी उभी चिरली होती. शेवटचं सगळं अंतर तिनं उभ्यानं काढलं होतं. ती उतरली आणि तशीच रस्त्याच्या कडेला बसली. पाय थरथरत होते.

माणसं गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, "कार्बनच ती, तिचा काय भरवसा!"

आणि दादासो बोलून गेला, "मी तवाच म्हनलं हुतं, लोखंड घ्या म्हून."

बोलल्याबरोबर त्याला जीभ हासडून टाकावीशी वाटली. राजेश्वरीनं मान वर करून त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

त्याच आठवड्यात दोघं मोटारसायकलवर सायकल घेऊन संदेशकडं गेले. त्यानं चिरलेली नळी बघितली, नट बघितला आणि कपाळाला हात लावला. "हे बेफाम आवळलंय. कुणी आवळलं?"

दादासो भिंतीशी उभ्या सायकलींकडं बघू लागला.

"मी," राजेश्वरी म्हणाली.

संदेशनं तिला चांगलंच फैलावर घेतलं. इतकी वर्षं सायकल चालवतेस, एवढी अक्कल नाही का, हातचं वर्ष घालवलंस. ती खाली बघून ऐकत राहिली. दादासोही ऐकत राहिला. शेवटी संदेश निवळला. चाकं आणि गिअर ठेवून घेतो, त्यांच्या बदल्यात दुसरी ने, म्हणाला. तिनं स्टीलच्या सायकलीकडं बोट केलं.

बाहेर आल्यावर दादासोला राहवलं नाही. "राजे, त्यो नट मी आवळला हुता."

"ठावं हाय." ती वाकून टायर दाबून बघत होती. "ग्रीसचा अंगठा उमटला हुता नळीवर. सकाळी मीच पुसला."

"मग बसलीस कशी गं तिच्यावर?"

"चिरलीया ते मला कुठं ठावं? मला वाटलं, तात्यांचा हात फिरलाय, आता कायबी ढिलं न्हाय. बिनघोर गेले."

तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर त्यानं त्या आनंदानं खाल्ल्या असत्या. हे 'बिनघोर' त्याच्या जिव्हारी लागलं. डोळे भरून आले, आणि भर रस्त्यात ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"चल माघारी," तो म्हणाला. "कार्बनचीच घिऊ. मी हात लावनार न्हाय. तुझी आन."

"लावशीला, तात्या. तुमच्यानं ऱ्हावनार न्हाय." ती सायकलवर बसली. "आन् आता घाई तरी कुठं जायची हाय? कॉलेजला जायला लोखंड पुरं."

ती पुढं निघाली. दादासो मोटारसायकलवर तिच्या मागं मागं चालला. रस्ता मोकळा होता, तरी ती सावकाश जात होती.